शुद्धीत असताना लिहून ठेवलं

गेल्या वर्षी मी आणि ह्यांनी आपापलं वैद्यकीय इच्छापत्र केलं, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलं. तेव्हापासून नातेवाईक, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी, सोसायटीतली माणसं विचारत असतात, ‘लिव्हिंग विल केलंत म्हणे, म्हणजे नक्की काय केलंत? कुठं द्यायचं असतं ते?’ प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मरणासाठी दुसऱ्याची मदत मागायचा हक्क माणसाला असावा का, हा मोठा वादही यात येणार, कारण ही कागदपत्रं चालू असताना आमच्या घरात तो वाद रोज होत होता. अजूनही मिटलेला नाही.

हे सगळं सुरू झालं दादामुळे. माझा थोरला भाऊ. ऐंशी ओलांडलेली, आणि मेंदूत मोठा रक्तस्राव. पहिल्याच रात्री व्हेंटिलेटर लावला. मग घशाला छेद देऊन नळी, नाकातून अन्नासाठी राइल्स ट्यूब, लघवीची पिशवी. हात नकळत नळीकडे जायचे म्हणून मनगटं कॉटच्या कडेला पट्टीनं बांधलेली. वहिनीला दिवसातून दोनदा आत सोडायचे. ती त्या पट्टीखाली बोट घालून ती सैल आहे ना एवढंच बघायची आणि बाहेर यायची.

‘यातून ते उठणार नाहीत’ हे डॉक्टरांनी पॅसेजमध्ये उभं राहून सांगितलं. पण मग पुढे काय, हे कुणी बोलेना. औषधं चालू, तपासण्या चालू. शेवटी त्यांच्यातल्याच एकानं माझ्या भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, बाजूला घेऊन सुचवलं की घरी घेऊन जा. त्यासाठी जो कागद पुढे आला त्यावर छापलेलं होतं, ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत.’ हॉस्पिटलात सगळे याला ‘डामा’ म्हणतात. सल्ला डॉक्टरांचा, आणि सही मात्र त्या सल्ल्याच्या विरुद्ध गेल्याची. भाच्यानं सही केली.

ॲम्ब्युलन्समध्ये एक पोरगेला ब्रदर हातानं श्वास द्यायची अंबू बॅग दाबत बसला होता. घरी कॉटवर घेतल्यावरही तो दाबतच होता. मग त्यानं भाच्याकडे बघून विचारलं, ‘काढू का आता?’ ‘काढ’ हे भाच्याला म्हणावं लागलं, आईसमोर. तेराव्यानंतर तो मला म्हणाला, ‘आत्या, बाबांना मी मारलं का गं?’

त्याला मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. पण तेव्हाच ठरवलं, की हा प्रश्न माझ्या मुलांना पडता कामा नये.

आयसीयूच्या दाराशी काही दिवस काढलेल्या कुणालाही विचारा, ‘डामा’ त्यांना माहीत असतो. उपचार थांबवायचा निर्णय आपल्याकडे घेतला जातच नाही असं मुळीच नाही. तो घेतला जातो, पण चोरून, दबक्या आवाजात, आणि सगळ्यात थकलेल्या माणसाच्या सहीनं. मला राग आहे तो या चोरटेपणाचा. कारण हेच काम उजेडात करायची सोय कायद्यानं केव्हाच करून ठेवली आहे.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. सन्मानानं मरण येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला आपल्यावर पुढे कोणते उपचार करू नयेत हे आधीच लिहून ठेवता येतं, असं त्यात सांगितलं. मात्र त्या कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, आणि पुढची वाटही अवघड होती. त्यामुळे तो हक्क बराच काळ निकालातच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ती वाट सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आम्ही याच नव्या पद्धतीनं केलं.

आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो, वकिलाकडे नाही. हे प्रत्येकानं करावं असं मी आवर्जून सांगेन. इंटरनेटवर तयार नमुने मिळतात, त्यात नुसतं ‘कृत्रिम जीवरक्षक उपचार नकोत’ असं असतं. पण उपचार म्हणजे काय काय, हे आपल्याला कुठं ठाऊक असतं? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दवाखाना संपल्यावर आम्हाला बसवून एकेक गोष्ट समजावली. हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात ते सिनेमात दिसतं तसं नसतं, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात. व्हेंटिलेटर न्यूमोनियाच्या पेशंटला आठवड्यात बाहेरही काढू शकतो. तोच व्हेंटिलेटर सगळीकडे पसरलेल्या कॅन्सरमध्ये नुसते दिवस वाढवतो. डायलिसिसचं तसंच. म्हणजे कुठलंही यंत्र सरसकट वाईट नसतं. ते कुठल्या अवस्थेत लावलंय, त्यातून परत येण्याची आशा आहे का, हा प्रश्न असतो.

म्हणून माझ्या कागदात मी असं लिहिलं. बरा न होणारा आजार शेवटच्या टप्प्यावर आहे आणि मी निर्णय घ्यायच्या स्थितीत नाही, असं डॉक्टरांच्या मंडळानं ठरवलं तर छाती दाबणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस नको. लावलेलं असेल तर काढावं. आशा असेल तर ठरावीक मुदतीपुरता व्हेंटिलेटर लावून बघायला माझी हरकत नाही. वेदना आणि धाप कमी करायची औषधं मात्र पूर्ण द्यावीत, त्यानं गुंगी वाढली तरी चालेल. तोंडानं घेता येईल तोवर चमच्यानं भरवावं, जबरदस्ती करू नये.

अडलं ते नळीनं अन्न देण्यापाशी. ह्यांनी एका ओळीत ‘नको’ लिहून टाकलं. माझा हात चालेना. उपाशी ठेवून पाठवलं, असं आमच्यात आयुष्यभर बोललं जातं. मुलीच्या कानावर ते येणारच. डॉक्टर म्हणाले, शेवटाला शरीर स्वतःच अन्न नाकारतं. भूक लागून माणूस तळमळतोय असं ते नसतं. उलट तेव्हा नळीनं घातलेलं कधी फुप्फुसात उतरतं. मी बरेच दिवस घेतले आणि शेवटी ‘नको’ असंच लिहिलं. वर मुलीसाठी एक वाक्य घातलं, ‘हा निर्णय माझा आहे, याबद्दल कुणी तिला बोल लावू नये.’ वकिलांच्या मते या वाक्याला कायद्यात काही अर्थ नाही. मी ते काढलं नाही.

आता आमच्यातला वाद.

ह्यांचं म्हणणं, नुसतं ‘नको’ म्हणायचा हक्क अर्धा आहे. सगळं संपल्यावर माणसानं डॉक्टरकडे मरणासाठी औषध मागितलं तर त्याला ते मिळायला हवं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून कायदा आहे, कॅनडात २०१६ पासून. आमचा मुलगा मेलबर्नला असतो. तिथं व्हिक्टोरिया राज्यात जून २०१९ पासून हे कायदेशीर आहे. मूळ कायद्यात अट अशी, की सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित हवा, मेंदूच्या-मज्जातंतूंच्या झिजेच्या आजारात बारा महिने. दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासायचं, पेशंटनं वेगवेगळ्या वेळी तीनदा मागणी करायची. मुलाच्या ओळखीतल्या एका आजोबांनी ही वाट घेतली. फार्मासिस्टनं कुलूपबंद पेटीतून औषध घरी आणून दिलं, ते कसं घ्यायचं ते समजावलं. आजोबांनी आपला दिवस ठरवला, नातवंडं भेटून गेली. मुलगा सांगत होता आणि हे फोनवर नुसते ‘बघ, बघ’ करत होते.

आपल्याकडे असं औषध देणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली आत्महत्येला साहाय्य म्हणून दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१८ च्या निकालानंही उपचार थांबवायला परवानगी दिली, मरण घडवून आणायला नाही.

हे मग सावरकर आणि विनोबा काढतात. सावरकरांनी अन्न-औषध सोडलं आणि २६ फेब्रुवारी १९६६ ला गेले. विनोबांनी पवनारला तेच केलं, १५ नोव्हेंबर १९८२. विचारांनी दोन टोकांची दोन माणसं शेवट मात्र आपल्या हातात ठेवून गेली, आणि महाराष्ट्रानं त्यांना हात जोडले. मग साध्या माणसानं तेच डॉक्टरच्या मदतीनं केलं तर गुन्हा का?

माझं उत्तर असं, की त्या दोघांची खोली कधी रिकामी होते याची कुणी वाट बघत नव्हतं.

मी माझ्या आत्याजवळ वाढले. तरुणपणी विधवा झालेली, भावाच्या घरी राहिलेली. म्हातारपणी तिची कॉट मागच्या पडवीत, धान्याच्या कणग्यांशेजारी होती. ती रोज म्हणायची, ‘देवा, आता ने रे बाबा.’ सगळ्यांना ते पाठ झालं होतं. एका पावसाळ्यात पडवी गळायला लागली म्हणून वडिलांनी तिची कॉट माजघरात आणली. तिथं येणारेजाणारे तिच्याशी बोलायला लागले, आम्ही पोरं तिच्या पायाशी बसून अभ्यास करायचो. पावसाळाभर तिनं देवाला हाक मारली नाही. दिवाळीनंतर कॉट परत पडवीत गेली आणि ते वाक्यही परत सुरू झालं. तिला कुणी फॉर्म दिला असता तर तिनं तीनदा काय, तीस वेळा सही केली असती. ती सही तिची असती का?

‘मी कशाला कुणावर भार’ हे आपल्याकडच्या बायकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. ज्या घरात म्हातारीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे नसतात आणि नातवाच्या गाडीला असतात, तिथं मरणाचं औषध कायदेशीर झालं तर पहिली मागणी कोण करणार हे मला दिसतं. म्हणून आज, आपल्या देशात, तो कायदा मला नको आहे. आधी वेदना शमवणारे उपचार सगळीकडे मिळू देत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, पण तालुक्याच्या गावातल्या माणसानं कुठं जायचं? वेदनाशामक मॉर्फिनवरचे जाचक नियम अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनं सैल झाले, तरी आमच्या शहरात ते मिळवायला भाच्याच्या सासऱ्यांसाठी किती धावाधाव झाली ते मी पाहिलंय. दुखणं थांबवता येत असताना ते न थांबवता माणसाला मरायचा हक्क देऊ करणं मला क्रूर वाटतं.

यावर ह्यांच्याकडे एक माणूस आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. ह्यांचा ऑफिसातला मित्र, मोटर न्यूरॉन डिसीज झालेला. बुद्धी शेवटपर्यंत लख्ख, शरीर एकेक स्नायू करून गेलेलं. पैसा होता, बायको-मुलं जीव टाकत होती, पडवी वगैरे काही नव्हतं. बोलणं गेल्यावर तो अक्षरांच्या तक्त्यावर डोळ्यांनी शब्द जुळवायचा. ह्यांना त्यानं विचारलं होतं, ‘माझ्याकडून काढून घ्यायला यंत्रच नाही. मी काय नाकारू?’ पुढे त्यानं पोटातली नळी नाकारली आणि जायला कित्येक आठवडे लागले. हे रोज जायचे. त्या माणसाला ‘आधी देशभर वेदनाशमन होऊ दे’ असं तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. माझं मत बदललेलं नाही, पण त्याच्यापुढे ते तोकडं पडतं, हे मी ह्यांच्याजवळ कबूल केलंय.

असो. कागदाकडे वळते.

आपल्या वतीनं बोलणारी माणसं नेमणं हा कागदाचा कणा आहे. अरुणा शानबागांची गोष्ट आठवा. त्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात परिचारिका होत्या. १९७३ मध्ये तिथं त्यांच्यावर हल्ला झाला, त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं त्या तिथंच पडून होत्या. उपचार थांबवावेत म्हणून पत्रकार पिंकी विराणींनी त्यांच्यासाठी याचिका केली तेव्हा २०११ मध्ये न्यायालयानं ठरवलं, की त्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार विराणींना नाही, इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना आहे. परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. त्या परिचारिकांविषयी मला नितांत आदर आहे. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनियानं गेल्या. उपचार थांबवायची वाट त्यांच्या प्रकरणानं उघडली, ती त्यांच्यासाठी वापरली गेली नाही.

कागदात एकाहून जास्त नावं देता येतात. मी मुलीचं आणि भाच्याचं दिलं. भाच्याचं मुद्दाम. त्याला आधी विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘या वेळी लिहिलेलं असेल ना? मग चालेल.’ मुलाचं नाव घातलं नाही, कारण मेलबर्नहून पोचेपर्यंत दोन दिवस जातात आणि लांबचं मूल विमानातून उतरतं ते ‘सगळं करा’ म्हणतच. तो दुखावला. आठवडाभर फोनवर नुसतं ‘जेवलीस का’ एवढंच. मग आम्ही चौघं व्हिडिओवर बसलो आणि सबंध कागद मोठ्यानं वाचला, नळीच्या कलमासकट. तो रडला. त्यानं दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. त्यातल्या एकामुळे व्हेंटिलेटरच्या मुदतीचं वाक्य मी नीट करून घेतलं.

साक्षीदार शक्यतो तटस्थ असावेत, म्हणून शेजाऱ्यांना विचारलं. एका वहिनींनी ‘असलं अभद्र नको हो, श्रावणात’ म्हणून हात मागे घेतला. मला वाईट वाटलं नाही, त्यांचा जीव आमच्यावर आहे. दुसरे दोघे आले. नोटरींनी आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं, कुणी जबरदस्ती केली आहे का, काय लिहिलंय ते कळतं का. हे मला फार आवडलं. स्टँपपेपरची अट न्यायालयानं घातलेली नाही, पण नोटरींचा आग्रह होता म्हणून पाचशेच्या स्टँपवर केलं. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. आयसीयूतला रात्रपाळीचा डॉक्टर कुठला असेल सांगता येत नाही.

नंतर महापालिका. एक प्रत स्थानिक संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमलेलेच नव्हते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर ठिकठिकाणी नेमणुका झाल्या. गोव्यात तर न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःचंच इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. आमच्याकडे आवक-जावकच्या टेबलावरच्या मुलीनं पाकीट उघडून पाहिलं आणि ‘हे जन्म-मृत्यू विभागात द्या’ म्हणाली. जन्म-मृत्यूवाल्यांनी आरोग्य विभागाकडे पाठवलं. आरोग्य विभागात साहेब मीटिंगला. हेलपाटे झाले. शेवटी मी न्यायालयाच्या आदेशाची प्रत आणि साध्या कागदावर एक अर्ज घेऊन गेले, ‘आपल्या कार्यालयात या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांचं नाव व पद लेखी कळवावं.’ अर्जावर आवक नंबर पडला आणि चक्रं फिरली. नेमलेले डॉक्टर सज्जन निघाले. त्यांनी दोन्ही कागद वाचले, रजिस्टरमध्ये नोंद केली, शिक्का मारून पोच दिली. ती पोच जपून ठेवा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे दिली, एकेक मुलीकडे आणि भाच्याकडे. आमची फाइल औषधांच्या कपाटात असते, बँकेच्या लॉकरमध्ये नाही. रात्री दोन वाजता लॉकर कोण उघडणार?

वेळ आली की पुढे काय होतं, तेही सांगते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, असं प्राथमिक मंडळ हॉस्पिटल नेमतं. त्यांचं मत पडलं की दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यायचा. नेमलेल्या नातेवाइकांची संमती घ्यायची, अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. छोट्या हॉस्पिटलात हे सगळं जमेल का, ही शंका मलाही आहे. म्हणून आमच्या भागातल्या दोन मोठ्या हॉस्पिटलांना मी पत्र लिहून विचारलंय, तुमच्याकडे अशी मंडळं आहेत का. एकाचं उत्तर आलं, आहेत म्हणून. दुसऱ्यांना स्मरणपत्र धाडलंय. तुम्हीही विचारा. आधी विचारणारे चार लोक असले की ती मंडळं नेमली जातात.

कागद कधीही बदलता किंवा रद्द करता येतो, फक्त बदलही तसाच लेखी करायचा. ह्यांना त्यांच्यात एक कलम वाढवायचंय, ‘पुढे कायदा बदलला तर मला त्याचा लाभ मिळावा.’ मी म्हटलं, घाला. तुमचा कागद आहे. त्याच फेरीत वन्संचंही करून घेऊ. त्या ब्याऐंशीच्या आहेत, एकट्या राहतात. मसुदा त्यांना पूर्ण मराठीत, मोठ्या अक्षरांत हवा आहे, आणि नळीच्या ओळीवर त्याही माझ्यासारख्याच अडल्या आहेत. त्यासाठी डॉक्टरांची रविवारची वेळ घेतली आहे.